आरशात न दिसणारे बळ

मराठी भाषेने खांद्यावर फार मोठा विश्वास टाकला आहे. संसाराची जबाबदारी खांद्यावर येते, संकटात माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात, जत्रेत लेकरू बापाच्या खांद्यावर बसून पालखी पाहते आणि शेवटच्या प्रवासाला चौघे जण खांदा देतात. घाटावरचा शेतकरी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने मळतो. वर्षभर जू वाहिलेल्या त्या जागेला एक दिवस तरी मायेचा हात लागावा, एवढी समज त्या प्रथेत आहे. माणसाच्या स्वतःच्या खांद्याच्या वाट्याला मात्र असा दिवस येत नाही. तो दुखू लागेपर्यंत त्याची आठवणही कोणाला होत नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तालुक्याच्या गावांपर्यंत जिम पोहोचल्या. पूर्वीची तालीम मारुतीच्या देवळाशेजारी असे. आताची जिम बँकेच्या वरच्या मजल्यावर किंवा मंगल कार्यालयाच्या तळघरात असते. दुकानाचे शटर खाली ओढून आलेला कापडवाला, औषधांच्या दुकानातील भागीदार, पतसंस्थेचा रोखपाल, अभियांत्रिकीचे विद्यार्थी अशी सारी मंडळी तेथे एकाच लोखंडाभोवती जमतात. यांपैकी बहुतेकांना स्पर्धेत उतरायचे नसते. रक्तातील साखर आटोक्यात यावी, पोट आत जावे, पुतण्याच्या लग्नात शेरवानी नीट बसावी, एवढीच माफक अपेक्षा असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनातही प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायुगटांना बळ देणारा व्यायाम करावा, असे सांगितले आहे. तेव्हा गादीवर बसून धंदा करणाऱ्या घरांतील माणसे वजने उचलू लागली, ही आनंदाचीच गोष्ट होय. अडचण त्या मार्गदर्शनातील ‘सर्व’ या शब्दापाशी सुरू होते.

जिमच्या भिंतींना आरसे असतात आणि आरसा माणसाची पुढची बाजू तेवढी दाखवतो. छाती, दंड, खांद्याचा पुढचा गोल उंचवटा यांची वाढ रोज डोळ्यांना दिसते, मित्रांना दिसते, छायाचित्रात दिसते. पाठीच्या पात्यांमधले, खांद्याच्या मागचे, खोलवर दडलेले स्नायू कोणालाच दिसत नाहीत. त्यांच्या मालकालाही नाही. म्हणून सोमवारी संध्याकाळी छातीच्या बाकाशी रांग लागते आणि पाठीचा दिवस पाहुणे आले, पाऊस आला, दुकानात माल उतरायचा होता अशा कोणत्याही कारणाने पुढे ढकलला जातो. जे दिसते त्याचीच मशागत करायची, हा स्वभाव माणसाचा जुना आहे. जिमने त्याला फक्त भाड्याने जागा दिली.

सांगलीच्या हळद पेठेत अडत्याचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ चार वर्षे असेच नेमाने जिमला जात होते. वय चव्वेचाळीस. पहिल्या महिन्यात चाळीस किलोच्या दांडीखाली त्यांचे हात थरथरत. चौथ्या वर्षी ते नव्वद किलो छातीवरून वर ढकलू लागले होते. जिममधील पोरे त्यांना आदराने ‘शेठ’ म्हणत आणि त्या हाकेत व्यापारापेक्षा नव्वद किलोंचा वाटा मोठा आहे, हे त्यांना मनातून ठाऊक होते. चौथ्या दिवाळीनंतर उजव्या खांद्यात काहीतरी बारीक सलू लागले. खुंटीवर सदरा अडकवताना, वरच्या फळीवरची खतावणी काढताना, मोटारीच्या मागच्या आसनावरील पिशवीकडे हात नेताना एक कळ येई आणि निघून जाई. हात थेट डोक्यावर नेला तर दुखत नसे, खाली सोडला तर दुखत नसे; मधल्या टप्प्यातच दुखे. मग रात्री उजव्या कुशीवर झोपणे बंद झाले. घरी कोणाला सांगावे इतके हे मोठे आहे, असे त्यांना वाटले नाही. वेदनाशामक गोळी घेऊन ते जिमला जात राहिले.

याच सुमारास अण्णा, म्हणजे त्यांचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील, न्हाणीघरात घसरून पडले. मांडीच्या हाडाचा खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली आणि दहाव्या दिवशी ते घरी आले. अण्णांचे वजन फार तर चोपन्न किलो. त्यांना खाटेवरून खुर्चीवर बसवायचे एवढेच काम होते. मुलाने वाकून दोन्ही हात त्यांच्या काखेत घातले आणि उचलले. अर्ध्यात उजव्या खांद्यात अशी कळ गेली, की हातच सुटला. अण्णा पुन्हा खाटेवरच बसले, त्यामुळे काही अनर्थ झाला नाही. पण आई दाराशी उभी होती आणि तिने ते पाहिले होते.

शेवटी दुकानातील जुन्या हमालांना हाक मारावी लागली. सारे घर त्यांना मामा म्हणते. मामांनी कधी जिम पाहिली नाही. शरीर वाळलेल्या बाभळीसारखे. त्यांनी अण्णांचा एक हात आपल्या गळ्याभोवती घेतला, गुडघे वाकवले आणि एका श्वासात त्यांना खुर्चीत ठेवले. हमालांचे अनुकरण करावे, असे मात्र नाही. शंभर किलोंची पोती वाहण्यात ज्या पिढ्यांची हाडे झिजली, त्यांच्यासाठी १९६९ साली महाराष्ट्राला माथाडी कायदा करावा लागला, ही गोष्ट पेठेतल्या माणसाने विसरू नये. तरीही पैसे मोजून वजन उचलणारा आणि वजन उचलून पैसे मिळवणारा, असे दोघे त्या खोलीत समोरासमोर उभे होते आणि त्या दिवशी हिशेब कोणाच्या बाजूने लागला, हे कोणी बोलून दाखवण्याची गरज नव्हती.

अण्णा तरुणपणी तालमीत मुद्गल फिरवत असत. खुर्चीत स्थिर झाल्यावर त्यांनी मुलाकडे जरा वेळ पाहिले.

“छाती चांगली कमावलीस रे,” ते म्हणाले. “पाठ कुठे ठेवलीस?”

मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो फिजिओथेरपिस्टकडे गेला.

फिजिओथेरपिस्ट पंचविशीची मुलगी होती आणि तिने त्यांना ‘काका’ म्हटले. चार वर्षांत ‘शेठ’ ऐकण्याची सवय लागलेल्या माणसाला ती हाक खांद्याइतकीच दुखली असावी. तिने त्यांना कोपर बरगडीला टेकवून, काटकोनात वाकवून उभे केले. तिच्या हाताविरुद्ध पंजा आत, पोटाकडे ओढायला सांगितला. त्यात ते सहज जिंकले. मग पंजा बाहेर ढकलायला सांगितला आणि तिने दोन बोटांनी तो अडवला. नंतर हातात मावणाऱ्या बलमापकाने तिने दोन्ही बळे मोजली. निरोगी खांद्यात बाहेर वळवणारे बळ आत वळवणाऱ्या बळाच्या साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश असावे, असा संकेत आहे. यांचे ते निम्म्यालाही पोहोचत नव्हते.

मग तिने खांदा समजावून सांगितला. शाळेच्या स्नेहसंमेलनातील लिंबू-चमचा साऱ्यांना आठवतो. खांद्याचा सांधा जवळजवळ तसाच आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा हे लिंबू आणि खांद्याच्या पात्यावरची उथळ वाटी हा चमचा. कोणत्याही क्षणी लिंबाचा एक तृतीयांशाहूनही कमी भाग चमच्यात टेकलेला असतो. खुब्याचा सांधा उखळात बसवलेल्या मुसळासारखा खोल आणि भक्कम, म्हणून तो फार फिरत नाही. खांदा मात्र पाठ खाजवतो, केस विंचरतो, आकाशकंदील टांगतो. या स्वातंत्र्याची किंमत म्हणून त्याची स्थिरता हाडांवर न राहता स्नायूंवर अवलंबून राहिली. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलरिस हे चार लहान स्नायू पात्यापासून निघून त्या लिंबाला चहूकडून बोटांसारखे धरून ठेवतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. वजन उचलण्याचा पराक्रम मोठ्या स्नायूंचा. परंतु ते उचलत असताना लिंबू चमच्यातून घरंगळू न देण्याचे काम या चौघांचे.

याशिवाय चमचाही स्थिर नाही. १९४४ साली कॅलिफोर्नियातील इनमन, साँडर्स आणि ॲबट यांनी दाखवून दिले, की हात बाजूने पूर्ण वर जातो तेव्हा त्या १८० अंशांपैकी सुमारे १२० अंश सांध्यात घडतात आणि उरलेले सुमारे ६० अंश खांद्याचे पातेच पाठीवर फिरून देते. पाते वेळेवर आणि नीट फिरले, तर हाताच्या वाटेत अडथळा येत नाही. ते फिरवण्यात मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियसच्या वरच्या आणि खालच्या भागाचा व बरगड्यांवरील सेरेटस अँटीरियरचा वाटा असतो. वरचा भाग खांदे कानांकडे उचलतो, खालचा भाग पात्याला खाली धरून वळवतो. दोघे मिळून काम करतात तेव्हा ते वाजंत्री आणि वऱ्हाड यांच्यासारखे एका चालीत चालतात. एकटा वरचाच माजला, की पाते वर चढते आणि वरात अरुंद बोळात अडकते. हा बोळ म्हणजे दंडाचा माथा आणि वरचे हाडाचे छत यांमधली जागा. ती सुमारे एक सेंटीमीटर. तिच्यातूनच सुप्रास्पायनेटसचा कंडरा जातो. हात मधल्या टप्प्यात असताना कळ येते, तिचे एक कारण या गर्दीत असते.

हौशी लोकांच्या खांद्यांचे हे चित्र एका पेठेपुरते नाही. २००९ साली अमेरिकेतील मोरे कोल्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९० पुरुषांचे खांदे मोजून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील ६० जण हौसेने वजने उचलणारे होते आणि ३० जण न उचलणारे. उचलणाऱ्यांचे बहुतेक स्नायू अपेक्षेप्रमाणे अधिक बलवान निघाले. पण ट्रॅपेझियसच्या खालच्या भागात त्यांची अशी सरशी दिसली नाही. वरचा भाग खालच्याच्या मानाने आणि हात बाजूला उचलणारे स्नायू हात बाहेर वळवणाऱ्यांच्या मानाने वाजवीपेक्षा जड झाले होते. सांध्याची लवचीकताही बहुतेक दिशांनी कमी भरली, फक्त बाहेर वळण्याची तेवढी जास्त. एका वेळच्या मोजमापावरून कारण आणि परिणाम ठरवता येत नाहीत, हे खरे. तरी वजने उचलताना होणाऱ्या, नोंद झालेल्या दुखापतींपैकी सुमारे ३६ टक्के खांद्याच्या असतात, ही दुसरी गोष्ट तिच्याशेजारी ठेवली, की हौशी माणसाने थांबून विचार करावा इतके तिच्यात निश्चित आहे. याच संशोधकांच्या २०१४ सालच्या अभ्यासात हात खांद्याच्या उंचीपेक्षा वर नेऊन वजन बाजूने उचलणे किंवा दांडी हनुवटीकडे ओढणे यांचा आणि चिमटला जाणाऱ्या खांद्याचा संबंध आढळला. हात बाहेर वळवणाऱ्या स्नायूंचा व्यायाम करणाऱ्यांत मात्र ही तक्रार कमी होती.

येथे एक सावधगिरी. प्रत्येक दुखरा खांदा जिमचा नसतो. मधुमेह असलेल्यांमध्ये सांध्याचे आवरणच आकसून हात सर्व दिशांनी जखडतो. त्या आजाराला ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली दिले. तो वेगळा आजार आहे आणि त्याची वाटही वेगळी आहे. घराघरांत साखर असलेल्या कुटुंबांनी हा भेद डॉक्टरांकडून करून घ्यावा. शेजाऱ्याच्या पट्ट्याने आपला खांदा सैल करू नये. तसेच एमआरआयच्या अहवालात कंडरा फाटल्याचा शब्द वाचून धीर सोडण्याचेही कारण नाही. साठीनंतर कोणतीही वेदना नसलेल्या अनेक खांद्यांतही असे फाटणे आढळते. छतावरचे हाड तासून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया एके काळी सर्रास होत असे. ब्रिटन आणि फिनलंड येथील, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत ती केवळ दुर्बीण घालून पाहण्यापेक्षा रुग्णाला जाणवेल इतकी सरस ठरली नाही.

फिजिओथेरपिस्टने शस्त्रक्रियेचे नावही काढले नाही. तिने टेबलावर जांभळ्या रंगाचे एक किलोचे डंबेल ठेवले.

डाव्या कुशीवर झोपायचे, उजवे कोपर आणि बरगडी यांमध्ये टॉवेलची गुंडाळी धरायची, कोपर काटकोनात ठेवून पंजा पोटापासून छताकडे हळू वळवायचा आणि त्याहून हळू खाली आणायचा. पंधरा वेळा. मग पालथे पडून, अंगठे वर करून दोन्ही हात डोक्याच्या दिशेने तिरपे उचलायचे. त्यात तर वजन शून्य. मग भिंतीवर हात सरकवणे, मग रबरी पट्टा ओढणे. जिममध्ये दांडी मानेमागे ओढणे बंद, बाजूने वजन उचलताना हात खांद्याच्या वर नेणे बंद, छातीच्या बाकावर कोपरे पसरण्याऐवजी अंगाजवळ, आणि वजन निम्म्यावर. छातीचा जेवढा व्यायाम, त्याहून थोडा अधिक पाठीचा.

हे सारे सांगणे सोपे होते. नव्वद किलोंचा माणूस जिमच्या मध्यभागी जांभळे डंबेल घेऊन कुशीवर पडतो, ही गोष्ट सोपी नव्हती. पहिल्याच दिवशी एका पोराने काळजीने विचारले, “शेठ, चक्कर आली का?” अकराव्या वेळेला पात्यामागची एक अनोळखी जागा जळू लागली आणि पंधराव्याला हात थांबला. एक किलो. ज्या स्नायूचे नावही चार वर्षांत कानावर पडले नव्हते, त्याने आपले अस्तित्व अशा रीतीने कळवले. त्यानंतर आठवडाभर त्यांनी तो व्यायाम घरीच केला. जिममध्ये पुन्हा करू लागायला त्यांना दुसरा महिना लागला. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतो, कंडरा महिने घेतो, आणि माणसाचा मान बहुधा त्याहूनही अधिक.

अण्णा ज्या मुद्गलांनी वाढले, त्यांत या शहाणपणाचा काही अंश होता. मुद्गल डोक्यामागून पाठीवर उतरतो, पुन्हा खांद्यावरून पुढे येतो. त्या फेऱ्यात हात आत-बाहेर दोन्हीकडे वळतो आणि पाते मोकळे फिरते. हिंदुस्थानातील मुद्गल पाहून इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात ते आपल्या देशी नेले आणि तेथील व्यायामशाळांत रुळवले. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी बडोद्याहून अनेक खंडांचा व्यायाम ज्ञानकोश प्रसिद्ध केला, त्यात या देशी साधनांची जपणूक झाली आहे. म्हणून जुने ते सारे सोने, असे समजू नये. शेकडो जोर मारणाऱ्या तालमीतही छातीचाच थाट मोठा असे आणि मल्लांचे खांदेही निखळत. जड मुद्गल घाईने उचलून आणखी एक दुखणे ओढवून घेणारेही पुष्कळ. परंतु त्या तालमीत आरसा नव्हता. वस्ताद शागिर्दाच्या मागे उभा राहून पाहत असे.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस सदरा खुंटीवर कळ न येता अडकू लागला. पाचव्या महिन्यात उजव्या कुशीवर झोप लागली. बाकावरचे वजन अजून साठ किलोंवरच आहे आणि रांगेतल्या पोरांना ते समजले आहे. अण्णा तोवर काठी टेकत अंगणापर्यंत जाऊ लागले होते; तरी संध्याकाळी खाटेवरून उठताना त्यांना हात लागतो, आणि तो आता मामांचा नसतो.

खिडकीच्या गजाला रबरी पट्टा कायमचा बांधलेला आहे. दुकानातून आल्यावर मुलगा तेथे उभा राहतो आणि अण्णा खाटेवरून आकडे मोजतात. बारापर्यंत ते बरोबर मोजतात. मग त्यांना खोकला येतो, पाणी हवे असते, बाहेर कोण आले ते विचारायचे असते, आणि पुन्हा मोजणी सुरू होते ती दहापासून.